नवशिक्याचा खेळ आणि खेळणाऱ्याचा कौल

नवशिक्या सुतारानें केलेला पहिला पाट डुगडुगला, तर दुसरा कोणी बसण्याच्या आधींच तें सुताराला कळतें. नव्या सुनेची पहिली पुरणपोळी तव्यावर फाटली, तर तिला कोणी सांगावें लागत नाहीं. संगणकावरील खेळ रचणाऱ्या नवशिक्याची स्थिति मात्र निराळी आहे. त्याचा खेळ त्याच्या स्वतःच्या हातांत उत्तम चालतो. तो अडखळतो दुसऱ्याच्या हातांत गेल्यावर. यामुळें या कलेंत खेळणाऱ्याचा अभिप्राय हा केवळ शिष्टाचार नसून शिक्षणाचें मुख्य साधन आहे. तो कसा मागावा, कसा ऐकावा आणि त्यांतून काय घ्यावें, हें कळणें खेळ रचण्याइतकेंच महत्त्वाचें आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा हौशी मंडळींसाठीं 'गेम जॅम' नांवाची एक चाल पडली आहे. नेमून दिलेल्या वेळांत, बहुधा दोन-तीन दिवसांत, ऐन वेळीं जाहीर केलेल्या विषयावर एक लहानसा खेळ पुरा करावयाचा, असें तिचें स्वरूप. 'लुडम डेअर' हा यांतील जुना मेळावा २००२ सालीं सुरू झाला. या लॅटिन नांवाचा अर्थ 'खेळ देणें' असा आहे. 'ग्लोबल गेम जॅम' हा दुसरा मेळावा २००९ सालच्या जानेवारीअखेर प्रथम भरला आणि त्यांत ठिकठिकाणच्या मंडळींनीं ४८ तासांत खेळ रचले. लुडम डेअरची एक रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तेथें उच्चासनावर बसलेले निराळे परीक्षक नसतात; ज्यांनीं खेळ रचले तेच एकमेकांचे खेळ खेळून गुण देतात आणि चार ओळी लिहितात. एका पंगतीला बसून प्रत्येकानें दुसऱ्याच्या हातचें चाखावें, तसाच हा प्रकार.

अशा वेळीं नवशिके पुष्कळदां साहसकथेचा खेळ निवडतात. त्यांत चपळाईला फारसें काम नसतें. खेळणारा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जातो, वस्तु उचलतो, कुलुपें उघडतो, भेटेल त्याच्याशीं बोलतो आणि कोडीं सोडवीत कथेच्या शेवटाला पोंचतो. या जातीचा आद्य खेळ विल क्राउदर या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९७५-७६ च्या सुमारास रचला. क्राउदरला गुहा धुंडाळण्याचा छंद होता, आणि केंटकी राज्यांतील प्रचंड मॅमथ गुहा त्याच्या परिचयाची होती. घटस्फोटानंतर मुली दुरावल्या होत्या. त्यांना खेळावयास कांहीं द्यावें या हेतूनें त्यानें ती गुहा केवळ शब्दांनीं उभी केली. चित्र एकहि नाहीं. खेळणाऱ्यानें एक-दोन शब्दांची आज्ञा टंकावयाची, आणि संगणकानें पुढें काय घडलें तें सांगावयाचें. म्हणजे या जातीच्या खेळाचा जन्मच मुळीं एका घरगुती गरजेंतून झाला.

नवशिक्याच्या अडचणी कशा असतात हें पाहण्यासाठीं एक उदाहरण कल्पावें. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोंकाशीं बोर्डी हें समुद्रकांठचें गांव आहे. किनाऱ्यावर सुरूचीं झाडें आणि आंत चिकूच्या वाड्या असा तेथील देखावा. त्याच परिसरांत डोंगरावर बहरोटच्या गुंफा आहेत. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी समाजानें इराणशाह हा आपला पवित्र अग्नि बारा वर्षें या गुंफांत जपला, अशी परंपरा आहे. समजा, बोर्डीच्या एखाद्या शाळकरी मुलीनें दोन दिवसांत याच परिसरावर खेळ रचला. खेळणाऱ्यानें किनाऱ्यावरून निघावें, वाडींतील राखणदाराकडून कंदील मागून घ्यावा, त्यासाठीं तेल शोधावें, डोंगर चढावा आणि अंधाऱ्या गुंफेंतील शिळेवरची खूण वाचावी. चार ठिकाणें, तीन वस्तु आणि एक कोडें. नवशिक्याच्या कुवतीला शोभेल असाच हा बेत आहे.

आतां तेलाची कुपी राखणदाराच्या झोपडीच्या दाराआड आहे. मुलीला हें उघडच वाटतें; कारण ती तिनेंच तेथें ठेविली. खेळ तिनें स्वतः पन्नास वेळां खेळून पाहिला आणि प्रत्येक वेळीं ती नीट गुंफेपर्यंत पोंचली. पहिला परका खेळाडू मात्र वाडींतच दहा मिनिटें घुटमळतो आणि खेळ बंद करतो. गुंफा त्याला दिसतच नाहीं. येथें मुलगी आळशी नाहीं आणि खेळाडू मंदहि नाहीं. एखादी गोष्ट एकदां कळली, कीं ती न कळण्याची अवस्था मनांतून पुसली जाते, हेंच यामागील कारण. वर्गांत गणित शिकविणाऱ्याला एक पायरी गाळल्याचें भान राहत नाहीं, तें याच कारणानें. ही पुसलेली अवस्था परत दाखविणारा आरसा एकच, आणि तो म्हणजे पहिल्यानेंच खेळणारा मनुष्य. तो आरसाहि एकदांच उपयोगी पडतो. त्याच मनुष्याला दुसऱ्यांदा खेळविलें, तर त्यालाहि कुपी कोठें आहे तें ठाऊक झालेलें असतें.

खेळणाऱ्यांकडून जें ऐकूं येतें, त्याचे साधारणपणें चार वर्ग पडतात. पहिला वर्ग स्तुतीचा. 'छान जमलें आहे', 'पहिल्या प्रयत्नाच्या मानानें उत्तम', हे बोल नवशिक्याला उभारी देतात आणि ती त्याला हवीच असते; परंतु उद्यां सकाळीं खेळांत काय बदलावें, याचा त्यांत कांहींच पत्ता नसतो. मामा-मावशींचा कौल बहुधा याच वर्गांत पडतो.

दुसरा वर्ग अडखळण्याचा. 'तेल सापडलें नाहीं', 'राखणदार काय म्हणाला तें वाचण्याआधींच अक्षरें गेलीं', 'कंदील मिळाला, पण पेटवावा कसा तें कळेना', अशीं वाक्यें ऐकावयास कडू, पण मोलाचीं असतात. मराठींत शब्द टंकून खेळावयाचा खेळ असेल, तर येथें एक खास अडचण उद्भवते. मुलीच्या मनांत 'कंदील लाव' ही आज्ञा असते. खेळणारा 'कंदील पेटव' म्हणतो, कोणी 'वात लाव' म्हणतो, कोणी 'दिवा लाव' म्हणतो. तिघांचेंहि मराठी शुद्ध आहे, आणि संगणकाला तिघांचेंहि कळत नाहीं. खेळानें नाकारलेला प्रत्येक शब्द वहींत उतरून घेतला, तर त्या यादींतूनच पुढील सुधारणा आपोआप सुचते.

तिसरा वर्ग औषधाचा. एकजण म्हणतो, 'नकाशा द्या'. दुसरा म्हणतो, 'राखणदाराला अधिक बोलकें करा'. तिसरा म्हणतो, 'वाडीच काढून टाका'. नवशिक्या येथें गोंधळतो. कारण तिघांचें ऐकल्यास खेळ चिंध्यांच्या गोधडीसारखा होईल आणि कोणाचेंच न ऐकल्यास तो हट्टी ठरेल. वाट अशी, कीं रोगी कोठें दुखतें तें बिनचूक सांगतो, पण औषध वैद्यानें ठरवावयाचें असतें. तिघांनीं तीन औषधें सुचविलीं, तरी दुखणें एकच सांगितलें: वाडींत वाट चुकते. दाराच्या फटींतून कुपी चमकते, एवढें एक वाक्य घातलें तरी तिघांचें समाधान होईल. नकाशाहि नको आणि बडबडा राखणदारहि नको.

चौथा वर्ग आवडीनिवडीचा. 'असले खेळ मला कंटाळवाणे वाटतात', असें म्हणणाऱ्याचा राग धरूं नये आणि त्याच्यासाठीं खेळहि बदलूं नये. ज्याला लोणचें रुचत नाहीं त्याला विचारून लोणच्याचें मीठ ठरवीत नाहींत. संख्येचाहि विचार करावा. पांचांपैकीं एकच जण एखाद्या जागीं अडला, तर थोडें थांबून पाहावें. तिघे अडले, तर दोष खेळाचा आहे असें समजावें.

मात्र सर्वांत खरा कौल शब्दांत येतच नाहीं. खेळणाऱ्याचा हात कोठें थबकला, कोणतें वाक्य त्यानें दोनदां वाचलें, कोठें त्याला हंसूं आलें आणि कोठें त्याची नजर घड्याळाकडे गेली, हें मागें बसून पाहणाऱ्यालाच दिसतें. अशा वेळीं कर्त्यानें तोंडांतून एक शब्दहि काढूं नये, हा नियम सांगावयास सोपा आणि पाळावयास महाकठीण आहे. 'अहो, दाराआड पहा ना' असें म्हणण्याचा मोह अनावर होतो. पण तें म्हटल्याबरोबर आरसा फुटतो. खेळ दूर देशीं गेल्यावर त्याच्याबरोबर कर्ता जात नाहीं.

शब्दांवांचून कौल कसा वाचावा, याचा एक फार मोठा पाठ बोर्डी गांवींच घातला गेला आहे. ताराबाई मोडक यांनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचें कार्य केलें होतें. या विचाराचें मूळ डॉ. मारिया माँटेसरी यांच्यापाशीं जातें. १९०७ सालीं रोमच्या सॅन लॉरेन्झो वस्तींत पहिलें बालगृह उघडल्यावर माँटेसरींच्या ध्यानांत आलें, कीं तेथें ठेवलेल्या सुंदर बाहुल्यांकडे मुलें फिरकत नाहींत आणि हातांनीं करावयाच्या साधनांत रमून जातात. मुलांनीं तोंडानें कांहींच सांगितलें नव्हतें. त्यांच्या हातांनींच निवड केली होती.

ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरांत वापरलीं जाणारीं माँटेसरी साधनें महाग होतीं, आणि खेड्यांतील मुलाच्या ओळखीचीं नव्हतीं. म्हणून शिंपले, खडे, बिया, पानें, फुलें अशा परिसरांत सांपडणाऱ्या वस्तूंपासून मोजण्याचे, जुळविण्याचे, रंग ओळखण्याचे खेळ तयार झाले. परंतु खरी कसोटी पुढेंच होती. आदिवासी पाड्यांवरील मुलें बालवाडीकडे येईनात. एखाद्यानें हा पालकांचा अडाणीपणा मानून कपाळाला आठ्या घातल्या असत्या. या दोघींनीं गैरहजेरी हाच मुलांचा अभिप्राय मानला आणि त्याचें कारण शोधलें. मूल येत नसेल तर बालवाडीनेंच मुलाच्या अंगणांत जावें, असें ठरलें, आणि त्यांतून 'अंगणवाडी' जन्मली.

पुढें १९५६-५७ च्या सुमारास हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथेंहि हीच दृष्टि राहिली. थोरलीं भावंडें धाकट्यांना सांभाळण्यासाठीं घरीं अडकत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. कांहीं मुलें गुरें राखावयास जात, म्हणून कुरणावरच शाळा भरूं लागली. तिला 'कुरणशाळा' म्हणत. प्रत्येक वेळीं अडखळ मुलाची, आणि बदल मात्र शाळेंत. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें. बोर्डीच्या न येणाऱ्या मुलांचा तो मुका कौल देशाच्या कानाकोपऱ्यांत पोंचला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

अर्थात् दोन दिवसांत रचलेल्या करमणुकीची आणि त्या कार्याची बरोबरी नव्हे. तेथें लेंकरांचें आयुष्य पणाला लागलें होतें. येथें एका सायंकाळची गंमत. पण पाहण्याची रीत एकच आहे: खेळणाऱ्याला दोष न देतां, तो जेथें थांबला तेथें जाऊन उभें राहणें.

खेळणाऱ्याचा कौल कोठवर जाऊं शकतो, हें क्राउदरच्या गुहेच्या पुढील कथेवरून कळतें. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉन वुड्स या विद्यार्थ्याला १९७६ सालीं तो खेळ तेथील संगणकावर आढळला. खेळांत दोष होते, तरी तो त्याला मोहक वाटला. कर्त्याचें नांव ठाऊक, पण पत्ता नाहीं. तेव्हां त्यानें त्या काळच्या जाळ्यांत जोडलेल्या प्रत्येक संगणकावर 'क्राउदर' या नांवानें पत्र धाडलें. पत्र योग्य हातीं पडलें आणि क्राउदरनें मूळ लेखन त्याला देऊं केलें. वुड्सनें दोष काढले, नवीं कोडीं आणि नवीं स्थळें घातलीं, आणि १९७७ सालीं सिद्ध झालेलें तेंच वाढविलेलें रूप पुढें जगभर गाजलें. एका खेळाडूची तक्रार आणि एका कर्त्याचा मोकळेपणा यांची भेट झाली नसती, तर तो खेळ थोड्याच लोकांपुरता राहिला असता.

सुशिक्षित कुटुंबांतून आज पुष्कळ मुलें अशा रचना करूं लागलीं आहेत. घरच्यांना त्यांतील यंत्रविद्या कळत नसली, तरी त्यांचें काम अडत नाहीं. उलट न कळणारा मनुष्यच उत्तम पहिला खेळाडू ठरतो. आजोबांनीं चष्मा लावून बसावें, न विचारतां जमेल तेवढें खेळावें, आणि शेवटीं 'वा!' एवढेंच म्हणून न उठतां तीन गोष्टी सांगाव्या: काय आठवणींत राहिलें, कोठें अडलें, आणि खेळ कोणत्या क्षणीं सोडून द्यावासा वाटला. मुलानेंहि तें उभ्या उभ्या खोडून न काढतां लिहून घ्यावें, रात्र जाऊं द्यावी आणि सकाळीं त्यांतील एक-दोन अडखळी दूर कराव्या. सगळ्याच दूर करण्याच्या भरीस पडल्यास पहिला खेळ कधींच संपत नाहीं.

पहिला लहान खेळ सदोष असणारच. तोंडपूजेनें नवशिक्या फुगून तेथेंच थांबतो आणि टवाळीनें तो खचून तेथेंच थांबतो. दोन्ही वाटांनीं दुसरा खेळ जन्मास येत नाहीं. कोठें अडलें तें कोणी नेमकें आणि सौम्यपणें सांगितलें, तर तो दुसरा खेळ मांडावयास बसतो, आणि त्या वेळीं कुपी कोठें ठेवावी याचा विचार तो खेळणाऱ्याच्या जागीं बसून करतो.