नक्षी शाबूत, टायर म्हातारा

सप्टेंबर २०१२. इंग्लंडमधल्या आयल ऑफ वाइट बेटावरचा संगीत महोत्सव आटोपून तरुणांना घेऊन लिव्हरपूलकडे निघालेली एक बस सरे परगण्यातल्या हाइंडहेडजवळ रस्ता सोडून झाडावर आदळली. चालकासह तिघांचा जीव गेला. बसचा पुढचा डावा टायर फुटला होता. चौकशीत त्याचं वय निघालं साडेएकोणीस वर्षं. ज्या बसला तो लावला होता, तिच्याहूनही तो जुना होता! त्यात बेकायदा मात्र काही नव्हतं, कारण ब्रिटनमध्ये तेव्हा टायरच्या वयाला कायद्याची मर्यादाच नव्हती. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये आली. ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावायला तिथे आता बंदी आहे.

टायर चांगला की वाईट हे आपण सहसा नक्षीवरून ठरवतो. घासून गुळगुळीत झाला की बदलायचा, नाही तर चालू द्यायचा. मग कधीतरी बाजूच्या भागावर बारीक भेगा दिसतात आणि मनात शंका येते. ही शंका रास्त आहे, पण अपुरी आहे. रबर दोन वाटांनी म्हातारं होतं आणि डोळ्यांना त्यातली एकच वाट दिसते.

दिसणारी वाट ओझोनची. रबराचे रेणू म्हणजे कार्बन अणूंच्या लांबच लांब साखळ्या. गंधक मिसळून तापवलं की त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि रबराला चिवटपणा येतो. पण साखळ्यांमधले बरेच दुहेरी बंध तसेच उरतात आणि ओझोन नेमका त्यांनाच तोडतो. वाहनांच्या धुरातले वायू आणि कडक ऊन एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचे दोन-चार भाग असले तरी रबराला भेगा पाडायला ते पुरतात. अट एवढीच, की रबर ताणलेलं हवं. म्हणून भेगा पडतात त्या ताणाला आडव्या, आणि जिथे टायर सतत वाकतो तिथे: बाजूच्या भागावर आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी.

कारखान्यात यावर उपाय केलेला असतो. रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात. नव्या टायरवर कधी कधी तपकिरी झाक दिसते, ती याचीच. गाडी धावते, रबर वाकतं, तसा हा साठा आतून वर येत राहतो. वर्षभर पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीला हे नूतनीकरण मिळत नाही, शिवाय वजनाने दबलेला टायरचा तोच भाग ताण सोसत राहतो. ‘गाडी फार वापरलीच नाही, टायर नवेच आहेत’ हा दावा म्हणूनच फसवा असतो.

न दिसणारी वाट प्राणवायूची. आधुनिक रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि त्यांना एकत्र धरून ठेवतो रबराचा पातळ थर. टायरमधली हवा दाबाखाली असते. तिच्यातला प्राणवायू आतलं अस्तर ओलांडून थोडा थोडा झिरपत या थरापर्यंत पोहोचतो. वर्षानुवर्षं असं झाल्यावर तो थर कडक होतो, त्याची लवचिकता जाते आणि पट्ट्यांच्या कडांशी सूक्ष्म चिरा पडतात. महामार्गाच्या वेगात त्या वाढतात आणि एखाद्या दिवशी नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघतो. बाहेरून टायर काळाभोर, नक्षी भरपूर, भेग एकही नाही, असंही असू शकतं.

उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते. अमेरिकेतल्या एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारी तिथल्या रस्ता सुरक्षा संस्थेने अभ्यासली. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उष्ण राज्यांत कंपनीचे २७ टक्के ग्राहक होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तिथूनच आले होते. त्यातले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. याच संस्थेने फिनिक्सच्या वाळवंटी उन्हात वापरलेले टायर कापून पाहिले, तेव्हा डिकीत नुसती पडून राहिलेली स्टेपनीही आतून म्हातारी होत असल्याचं आढळलं. हवा भरलेली असते, तेवढं पुरेसं होतं.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर ताशी १२० किलोमीटरने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. या महामार्गावर घासलेल्या टायरांची वाहनं परत पाठवण्याची मोहीम आरटीओने राबवली, ते योग्यच झालं. मात्र आपल्या नियमांचा भर आहे तो नक्षीच्या खोलीवर. मोटारीसाठी ती किमान १.६ मिलिमीटर हवी. आतल्या थराचं वय या मापात येत नाही.

ते वय टायरवरच छापलेलं असतं. बाजूला ‘डीओटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक शोधा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला सापडले नाहीत तर गाडीखालच्या बाजूला पाहा. तीनच अंक असतील तर टायर सन २००० च्या आधीचा आहे. त्याच्याबद्दल विचार करायची गरज नाही, तो काढून टाका. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. मिशेलिनचा सल्ला आहे की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर, दिसायला कसाही असला तरी, टायर वापरू नये.

आता भेगांकडे वळू. केसाएवढ्या, वरवरच्या रेषा असतील आणि टायर तीन-चार वर्षांचा असेल, तर घाबरून जायचं कारण नाही. हवा नीट ठेवा आणि लक्ष ठेवा. भेगेत नख अडकत असेल, ती खाचांच्या तळाशी किंवा रिमजवळ असेल, तर टायर उतरवून आतून तपासून घ्या. भेगेतून दोरा किंवा तार दिसत असेल, तर वय विचारायचीही गरज नाही. फुगा आला असेल, म्हणजे आतले दोरे तुटले आहेत. आणि चाकाचं बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरत असेल, तर आतले पट्टे सुटू लागल्याचा संशय घ्यायला हवा.

जुन्या बाजारातल्या टायरला पॉलिश मारलेलं असतं. ते भेगा झाकतं, बुजवत नाही. रिट्रेड केलेला टायर मात्र सरसकट वाईट नसतो. एसटीचे स्वतःचे रिट्रेडिंग कारखाने आहेत, विमानांचे टायरही रिट्रेड होतात. पण तिथे आधी जुना सांगाडा पारखतात, मग त्यावर नवी नक्षी चढवतात. सांगाडा थकलेला असेल तर नव्या नक्षीचा उपयोग शून्य.

भेग दिसली तर तिची खोली पाहायची, दिसली नाही तर तारीख पाहायची. दोन्ही उत्तरं समाधानकारक असतील, तरच त्या टायरच्या भरवशावर लांबच्या प्रवासाला निघावं. आणि तपासायला वाकलाच आहात, तर स्टेपनीचे चार अंकही वाचून घ्या. गाडीतला सगळ्यात जुना टायर बहुधा तोच असतो.