कळलावी कुंडीत लावताय? फुलांपेक्षा 'रिकाम्या' कुंडीला जास्त जपा

'ग्लोरी लिली', 'फ्लेम लिली' किंवा 'अग्निशिखा' अशा नावांनी नर्सरीत आणि ऑनलाइन जे कंद विकले जातात, ते परदेशी पाहुणे नाहीत. ती आपली कळलावी. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात कुंपणावर, झुडपांवर चढलेली दिसते. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, कडा कुरळ्या, खाली पिवळा आणि वर लाल रंग. वाऱ्यावर हललं की पेटलेली ज्योतच वाटते. कोकणात काही ठिकाणी या फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात आणि गौरीच्या सणाला त्यांचा मान असतो. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे, तर झिम्बाब्वेचं राष्ट्रीय फूल.

आणि ती विषारी आहे. थोडीथोडकी नव्हे, जीव जाईल इतकी.

मग ती घरात लावावी का? लावता येते. कण्हेर आणि बिट्टीही विषारीच आहेत आणि त्या तर रस्त्याच्या दुभाजकातही फुलतात. फक्त कळलावीचा धोका नेमका कुठे आणि कधी असतो, हे लावण्याआधी माहीत हवं. बहुतेक जण फुलाला घाबरतात. खरी काळजी घ्यायची असते ती कंदाची, आणि तीही झाड दिसेनासं झाल्यावर.

विष काय करतं?

कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं रसायन असतं. कंदात आणि बियांत ते सर्वाधिक. पेशी दुभंगून एकीच्या दोन होताना आत सूक्ष्म नळ्यांची एक तात्पुरती चौकट उभी राहते, इमारतीला परांची बांधतात तशी. कोल्चिसिन ती परांची उभीच राहू देत नाही. त्यामुळे ज्या पेशी सतत विभागत असतात, त्यांना पहिला फटका बसतो. आतड्याचं अस्तर, हाडांतील मज्जा, केसांची मुळं. विषबाधेची लक्षणं साधारण याच क्रमाने दिसतात, ती यामुळेच.

हेच रसायन औषधही आहे. गाऊटच्या, म्हणजे यूरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याच्या आजारात डॉक्टर कोल्चिसिनची गोळी देतात. ती असते अर्ध्या मिलिग्रॅमची. औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांतलं अंतर फार कमी असल्याने मात्रा इतकी जपून ठरवावी लागते. तमिळनाडूत दिंडिगल, करूर, तिरुप्पूर या भागांत शेतकरी कळलावीची रीतसर शेती करतात, ती मुख्यतः या रसायनासाठी बिया विकायला.

घरात कंद उगाळून लावणं किंवा पोटात घेणं मात्र पूर्णपणे टाळा. प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून 'कळलावी', असं नावाचं मूळ सांगतात. पण कुठल्या कंदात किती कोल्चिसिन आहे, हे डोळ्यांनी कळत नाही.

कुंडीचं वर्ष

कळलावी बहुवर्षायू आहे, पण वर्षभर दिसत नाही. घोळ इथेच होतो.

मेअखेर ते जूनमध्ये कंद लावतात. कंद इंग्रजी 'व्ही' किंवा 'एल' अक्षरासारखा, बोटाएवढा जाड. नांगराच्या या आकारावरूनच संस्कृतात तिला 'लांगली' म्हणतात. कोंब फक्त टोकाला येतो, त्यामुळे टोक मोडलेला कंद घेऊ नका. बारा इंची कुंडी, पाणी झटकन निचरा होईल अशी माती आणि दोन-तीन इंच खोली पुरते. कंद आडवा ठेवायचा. वेलाच्या पानांची टोकंच वळून आधार धरतात, म्हणून पातळ काठी किंवा जाळी द्या. जाड पाइपवर त्यांना पकड मिळत नाही. वेल माणसाच्या उंचीपर्यंत सहज जातो.

जुलै ते सप्टेंबर फुलांचा काळ. या दिवसांत झाड डोळ्यांत भरतं, घरात सगळ्यांना त्याची ओळख असते, त्यामुळे चूक होण्याची शक्यता कमी. फूल सुकलं की देठापासून काढून टाका. शेंग धरली तर ती वाळून उकलते आणि आत केशरी-लाल बिया दिसतात. लहान मुलांच्या नजरेला त्या गोळ्या-चॉकलेटसारख्या वाटू शकतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडतात, वेल वाळतो. वाळलेला वेल काढला की उरते नुसत्या मातीची कुंडी. पुढचे पाच-सहा महिने ती तशीच राहते, आणि धोक्याचा काळ हाच. कुणीतरी 'रिकामी' कुंडी दिसली म्हणून त्यात कोथिंबीर पेरायला घेतं आणि मातीत कंद सापडतात. त्यात गच्चीवर हळद, आलं, रताळी लावलेली असतील तर त्यांची काढणीही थंडीतच. तपकिरी साल, आत पांढरा गर. एकाच पाटीत पडले तर कळलावीचा कंद वेगळा ओळखायला सरावाची नजर लागते. श्रीलंकेत रताळ्यासारखा खाण्याचा कंद समजून कळलावी शिजवून खाल्ल्याच्या घटनांची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. शिजवल्याने कोल्चिसिन नष्ट होत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कळलावीचा जुना कंद दरवर्षी आटतो आणि त्याच्या जागी नवे कंद तयार होतात. म्हणजे तुम्ही एक लावला असला तरी मातीत दोन असू शकतात. एक काढला आणि काम झालं, असं समजू नका. माती पूर्ण चाळून घ्या.

उपाय अगदी साधा आहे. या झाडाला स्वतंत्र कुंडी द्या आणि ती कधीही खाण्याच्या झाडांच्या रांगेत ठेवू नका. कुंडीवरच ऑइलपेंटने 'कळलावी – विषारी कंद' असं लिहा. मातीत खोचलेली प्लास्टिकची पट्टी पहिल्याच पावसात वाहून जाते. वेल वाळला की पाणी बंद करा आणि कंद कुंडीतच राहू द्या. काढून वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवणं ही सर्वांत वाईट जागा. घरकामाला येणाऱ्या मावशी, माळीकाका आणि सुट्टीत येणारे आजी-आजोबा यांनाही ही कुंडी दाखवून ठेवा. कुणाला कुंडी भेट देणार असाल, तर आत काय आहे हे सांगूनच द्या.

हात लावला तर?

फुलाला हात लागल्याने विषबाधा होत नाही. कंद हाताळताना मात्र हातमोजे घाला, डोळे चोळू नका, नंतर साबणाने हात धुवा. छाटलेला वेल गायी-शेळ्यांच्या तोंडी लागेल असा सोसायटीच्या गेटबाहेर टाकू नका. जनावरांनाही तो तितकाच घातक. घरात माती उकरणारा कुत्रा किंवा पानं चावणारी मांजर असेल, किंवा रांगतं मूल असेल, तर दोन-तीन वर्षं थांबलेलं बरं.

पोटात गेलं तर?

लक्षणांची वाट पाहू नका. उलट्या, जुलाब, पोटात आग ही लक्षणं दिसायला काही तास लागतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. उरलेला कंद किंवा वेलाचा फोटो सोबत न्या. डॉक्टरांना 'ग्लोरिओसा' किंवा 'कोल्चिसिन' हा शब्द सांगितला तर वेळ वाचतो, कारण स्थानिक नावांनी गोंधळ होतो. कळलावीला काही भागांत बचनागही म्हणतात. खरा बचनाग हिमालयातला, त्याचं विष वेगळं आणि उपचारही वेगळे.

या विषावर सहज मिळणारा उतारा नाही. शरीर सावरेपर्यंत डॉक्टर आधार देतात. त्यातली फसवी गोष्ट अशी, की पहिल्या दिवसाच्या उलट्या-जुलाबानंतर रुग्णाला थोडं बरं वाटू शकतं. रक्तपेशी घटणं, मूत्रपिंड आणि हृदयावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. केस गळतात ते त्याहीनंतर. त्यामुळे उलट्या थांबल्या म्हणून रुग्णाला घरी आणायची घाई करू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस रुग्णालयातच राहू द्या.