वही भरली, पण वाचता येतं का?



मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक संपल्यावर एक ताई तिसरीतल्या मुलीची वही घेऊन आल्या. अक्षर इतकं वळणदार की मला माझ्याच अक्षराची लाज वाटली. मी सहज एका ओळीतल्या मधल्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाळा, हे काय लिहिलंय?" मुलगी गप्प. पहिल्यापासून म्हण म्हटलं, तर अख्खी कविता धडाधड म्हणाली. पुन्हा मधला शब्द दाखवला, पुन्हा गप्प. ताईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मॅडम, मला वाटलं लिहितीय म्हंजे येतंय."

चूक ताईंची नाही आणि लेकराची तर नाहीच. फळ्यावरचं बघून वहीत उतरवणं हे रांगोळी बघून रांगोळी काढण्यासारखं आहे. हात वळतो, पण त्या खुणेचा आवाज कोणता हे डोक्यात बसतंच असं नाही. आणि ही अडचण एका घरची नाही. 'प्रथम' संस्थेच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत देशभरातल्या खेड्यांमधली मुलं तपासली, तेव्हा तिसरीतल्या १०० पैकी साधारण २७ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. याच अडचणीसाठी सरकारने २०२१ मध्येच 'निपुण भारत' सुरू केलं होतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे, हे त्याचं उद्दिष्ट.

मग वाचायला येतं कसं? आपल्या वेळी 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत पाठ, मग सगळी बाराखडी, मग शब्द. लेकरू महिनोन्‌महिने नुसती अक्षरं घोकायचं आणि त्याचं काय करायचं हे त्याला कळायचंच नाही. आता चांगले शिक्षक थोडीच अक्षरं घेतात आणि लगेच शब्द करायला लावतात. म, क, र, ल ही चारच अक्षरं आणि एक काना घ्या. मका, काका, लाल, कमाल, इतकंच काय 'मामा, काम करा' हे आख्खं वाक्य तयार होतं! पहिल्याच आठवड्यात लेकराला कळतं की या खुणा बोलतात. मग पुढची अक्षरं. घ आणि ध, म आणि भ अशी सारखी दिसणारी एकाच दिवशी शिकवली की गोंधळ होतो. पहिली वेलांटी तर मोठी माणसंही विसरतात इतकी अवघड गोष्ट आहे. 'दिवस' या शब्दात ती दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. तिथं लेकरू अडलं तर ते 'ढ' नाही, ते नीट बघतंय.

चुकांबद्दल एक सांगते. लेकराने स्वतःच्या मनाने 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिलं तर पाठीत धपाटा घालू नका. आपण घरी 'पानी'च म्हणतो ना? त्यानं कानाने ऐकलेल्या आवाजाला बरोबर अक्षर लावलंय. म्हणजे लिहिण्याची गोम त्याला सापडली. 'पुस्तकात ण लिहितात' एवढंच सांगा. तांड्यावरच्या लेकरांचं तर आणखी वेगळं. घरी 'याडी' आणि पुस्तकात 'आई'. त्यांना आधी शब्द गोरमाटीत समजावून सांगणारं कुणीतरी लागतं, मग वाचन.

आता तुम्ही म्हणाल, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय तपासणार? येतं तपासता. तीन गोष्टी करा. पाठ झालेला धडा नको, न वाचलेलं पान उघडायला सांगा. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि विचारा. मग तोच शब्द दुसऱ्या पानावर शोधायला लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, "काय झालं त्यात? कोण कुठं गेलं?" ते लेकराला तुमच्या बोलीत सांगता आलं, तर समजून वाचलं. सांगता आलं नाही, तर नुसता आवाज काढला. हे ओळखायला आईला अक्षर यावं लागत नाही.

लिहिण्याचंही तसंच. किराण्याची यादी तुम्ही बोला, लेकराला लिहू द्या. दुकानात तीच यादी वाचून सामान आणू द्या. एखादी वस्तू राहिली तर चूक त्याची त्यालाच सापडते.

हे सगळं आत्ताच का सांगतेय? दिवाळी जवळ आली. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरकडच्या आपल्या कितीतरी ताई टोळीबरोबर सांगली, कोल्हापूर, बेळगावकडं निघतील. लेकरू सोबत गेलं तर फडावर पाच-सहा महिने पुस्तक उघडायचं नाही. नुकतं वाचायला लागलेलं पहिली-दुसरीतलं लेकरू तेवढ्यात अक्षरं विसरतं. सहावी-सातवीचं विसरत नाही, पण कोयता उचलायला लागतं, तो वेगळा विषय.

म्हणून उचल घेतली असली तरी निघायच्या आधी शाळेत जा. हंगामी वसतिगृहाच्या यादीत लेकराचं नाव आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा. लेकरू आजी-आजोबांजवळ गावातच राहतं, जेवणाची सोय शाळेतून होते. नाव नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायलाच पाहिजेत, म्हणजे आपल्या गटातली कुणीतरी तिथं असणारच. नुसती सहीपुरती असेल तर तिला बोलतं करा! लेकरू न्यावंच लागलं, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा. बोचक्यात भाषेचं पुस्तक टाका.

आणि लेकरू मागे राहिलं तर रात्री फोन करताच ना? "जेवलास का, आजीला त्रास देऊ नको" एवढ्यावर ठेवू नका. "आजचं अर्धं पान वाचून दाखव" म्हणा. तुम्ही कोपीत भाकरी थापत ऐका, मधेच विचारा, "मग पुढं काय झालं?" मागच्या हंगामात एका ताईंनी असं रोज केलं. त्या स्वतः अंगठा लावतात. मार्चमध्ये परत आल्या तेव्हा पोरगा त्यांना एसटीच्या पाट्या वाचून दाखवत होता, आणि त्या मला सांगत होत्या की कुठली पाटी त्यानं चुकीची वाचली, कारण गाडी भलत्याच गावाला निघाली होती.

पुढच्या बैठकीला येताना लेकरू आणि त्याचं पुस्तक दोन्ही आणा. बचत आणि हप्ते झाले की अर्धा तास त्यासाठी ठेवलाय.