व्हीपीएन घेऊ की नको?

शनिवारची संध्याकाळ. राजारामपुरीतला कॅफे, समोर कोल्ड कॉफी आणि भिंतीवर चिकटवलेला वाय-फायचा पासवर्ड. मी लॅपटॉपवर बँकेची साइट उघडणार, तेवढ्यात शेजारी बसलेला मित्र ओरडला, "काय लेका, व्हीपीएन नाही लावलंस? सगळं लीक होतंय की भावा!" हे साहेब पुण्यातल्या कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसून करतात. त्यामुळे आपण गप्प. रात्री वर्षभराचा प्लॅन घ्यायला कार्ड हातात घेतलं आणि थांबलो. मुळात मी लपतोय कुणापासून?

तुम्हीही घ्यायच्या विचारात असाल, तर आधी हाच प्रश्न स्वतःला विचारा.

व्हीपीएन म्हणजे तुमच्या फोनपासून त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा बंद बोगदा. कॅफेवाल्याला आतलं काही दिसत नाही. एकेकाळी याची खरंच गरज होती. २०१० मध्ये फायरशीप नावाचं ब्राउझर एक्स्टेन्शन आलं आणि उघड्या वाय-फायवरचा कुणीही शेजारच्याच्या फेसबुकमध्ये सहज शिरू लागला. तेव्हा बराचसा मजकूर पोस्टकार्डासारखा उघडाच जायचा. आज बहुतेक साइट्सवर एचटीटीपीएस आहे, म्हणजे बंद पाकीट. तुम्ही कुठल्या बँकेच्या साइटवर गेलात हे कॅफेवाल्याला कळू शकतं, पासवर्ड नाही. फक्त ब्राउझरनं धोक्याची सूचना दिली, तर ती धुडकावून पुढे जाऊ नका.

मग व्हीपीएन घेतल्यावर काय होतं? जे कॅफेवाल्याला दिसत होतं, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. विश्वास टाकावा लागतोच, फक्त माणूस बदलतो.

आणि फुकटातलं व्हीपीएन? ओनावोची गोष्ट ऐका. फेसबुकनं २०१३ मध्ये ही कंपनी विकत घेतली. 'तुमची माहिती सुरक्षित ठेवतो' म्हणणाऱ्या या अ‍ॅपमधून लोक फोनवर काय काय वापरतात याची माहिती फेसबुककडे जात होती. २०१९ मध्ये ते बंद झालं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कोर्टानं याबद्दल फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

पैसे मोजले तरी पूर्ण गायब होता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं आदेश काढला: व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांचं नाव, पत्ता, फोन वगैरे ५ वर्षं जपून ठेवायचं. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले.

जून २०२३ आठवतोय? कोल्हापुरात तणाव झाला आणि इंटरनेट बंद केलं गेलं. घरून काम करणाऱ्यांची पंचाईत झाली. तेव्हाही व्हीपीएनचा उपयोग शून्य. रस्ताच नसेल तर बोगदा काढणार कुठून?

आता त्या मित्राचं पुढे काय झालं ते सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर 'तुमच्या गाडीचं चलान' म्हणून एक फाइल आली. यानं ती इन्स्टॉल केली, एसएमएस वाचायची परवानगीही देऊन टाकली. ओटीपी थेट चोराकडे गेले आणि सकाळपर्यंत महिन्याचा पगार साफ. १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला तो दुपारी. असा फोन पहिल्या तासात गेला, तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. व्हीपीएन? रात्रभर चालू होतं. चोर वाय-फायमधून आलाच नव्हता; दार यानंच उघडलं होतं.

मग व्हीपीएन घ्यायचं कुणी? ऑफिसनं दिलं असेल तर ऑफिसच्या कामासाठी जरूर वापरा. नोकरीमुळे सतत हॉटेल, एअरपोर्टचं वाय-फाय लागत असेल आणि आपण काय बघतो ते त्यांना कळू नये असं वाटत असेल, तर नावाजलेल्या कंपनीचं विकत घ्या. बाकीच्यांनी फोनचा हॉटस्पॉट लावावा, अकाउंट्सना दोन टप्प्यांची सुरक्षा द्यावी, फोन अपडेट ठेवावा आणि अनोळखी फाइल उघडू नये.

मी कार्ड परत पाकिटात ठेवलं. मित्रानं व्हीपीएन अजून ठेवलंय. पण हल्ली कुठलीही फाइल आली की उघडायच्या आधी मला फोन करतो.