होडीत इंजिन बसवताय? शेवटचा बोल्ट पाण्यात आवळा

दापोली : पावसाळी मासेमारी बंदीचे १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस म्हणजे होडीच्या दुरुस्तीचे दिवस. लाकडी होडीत आतलं इंजिन बसवायचं कामही बहुतेक याच काळात निघतं. नारळी पौर्णिमा जवळ आली की मात्र घाई होते आणि नेमकं महत्त्वाचं काम राहून जातं.

आतल्या इंजिनाचा शाफ्ट होडीच्या तळाला भोक पाडून पंख्यापर्यंत जातो. हे भोक पाण्याखाली असतं. म्हणून इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत असणं हा होडीतल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. विहिरीवर मोटर आणि पंप एका रेषेत नसले की कपलिंगचं रबर झिजतं, हे शेतकऱ्याला माहीत असतं. होडीत तोच फरक राहिला तर शाफ्ट थरथरतो, बेअरिंग खातो आणि पाणी आत येतं.

बैठक कशी असावी?
इंजिन नुसत्या फळ्यांवर ठेवू नये. खाली दोन लांब, जाड तुळया हव्यात. त्या जितक्या जास्त आडव्या वाकांवर टेकतील तितका भार आणि हादरा वाटला जातो.

रेष कशी तपासायची?
आधी शाफ्ट बसवायचा, मग त्याच्या रेषेत इंजिन आणायचं. कपलिंगच्या दोन तबकड्या जवळ आणून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेज घालून फट मोजायची. ४ इंची कपलिंगला या चार फटींत ०.१ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नको.

हे किनाऱ्यावर जमलं तरी काम संपत नाही. सुकलेलं लाकूड पाण्यात फुगतं, होडीचा आकार थोडा बदलतो. म्हणून कपलिंग सोडून होडी पाण्यात उतरवा, दोन-तीन दिवस थांबा, डिझेल भरा, नेहमीचं सामान ठेवा आणि फट पुन्हा मोजा. कपलिंगचे बोल्ट त्यानंतरच पक्के आवळा.

ग्लँडमधून थेंब पडतोय?
दोरीची पॅकिंग असलेल्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणं चांगलं. त्यानेच शाफ्ट थंड राहतो. थेंब बंद करायला नट करकचून आवळला तर ग्लँड तापते, शाफ्टवर चरे पडतात आणि मग गळती थांबत नाही. धार लागली तर मात्र लगेच बघा. इंजिन थंड करायचं पाणी आत घेणारा वॉल्व्ह पटकन हात पोचेल अशा जागी ठेवा. पाइप निसटला तर तोच बंद करायचा असतो.

कागदपत्रं
बिगरयांत्रिक होडीला पावसाळी बंदी लागू नसते, इंजिन बसवलं की लागू होते. त्यामुळे इंजिन घेण्याआधीच मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंदणी आणि परवान्याची चौकशी करा.

हंगामाचे पहिले दोन दिवस गेले तर चालतील, पण रेष न तपासता होडी खोल पाण्यात नेऊ नका.