यादी मोठी झाली की आकडे का बिघडतात?

समजा गंगाखेडजवळ तुमचं दूध संकलन केंद्र आहे. सॉफ्टवेअरमधून शेतकऱ्यांची यादी काढली, एक्सेलमध्ये उघडली आणि १६ अंकी खाते क्रमांकाच्या शेवटी शून्य! मूळ नोंद बरोबरच असते, गडबड फाइल उघडताना होते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, सुरुवातीचं शून्यही उडवतं. मग कष्टाच्या दुधाचे पैसे अडकतात.

दुसरी गडबड ओळींची. जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने अशीच फाइल वापरली आणि कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले.

मग करायचं काय?

१. सीएसव्ही फाइलवर थेट डबल क्लिक करू नका. एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून ती आत घ्या आणि खाते व आधार क्रमांकाचे रकाने 'टेक्स्ट' ठेवा.

२. नोंदींची संख्या आणि रकमेची बेरीज सॉफ्टवेअरशी जुळवा.

३. जुळलं नाही तर फाइल दुरुस्त करत बसू नका. गेलेला अंक परत येत नाही. यादी पुन्हा काढा.

पैसे पाठवण्याआधी ही पाच मिनिटं द्याच. धंदा विश्वासावर चालतो!