मुद्दाम चुका, उत्तर मिळवा!

एक गंमत सांगू? गणितात मुद्दाम चुकायचं आणि तरी पैकीच्या पैकी मार्क मिळवायचे! जमेल? जमेल की!

हे बघ. नीताताईने पगारातले निम्मे पैसे घरी दिले. उरलेल्या पैशांचा तिसरा हिस्सा प्रवासात गेला. राहिलेले 9,000 रुपये तिने बँकेत टाकले. मग तिचा पगार किती?

आता दे ठोकून कुठलाही आकडा! मी म्हणते 6 रुपये. हो, फक्त 6! निम्मे गेले, उरले 3. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे 1 गेला. उरले 2.

पण हवेत तर 9,000! म्हणजे 2 च्या 4,500 पट. मग 6 चीही 4,500 पट कर. किती आले? 27,000! ताळा करून बघ: घरी 13,500, प्रवासाला 4,500, शिल्लक 9,000. बरोब्बर!

असं कसं झालं? आई दोघांऐवजी दहा जणांसाठी पोहे करते तेव्हा काय करते? पोहे पाचपट, कांदा पाचपट, मीठही पाचपट! पगाराचंही तसंच. तो जितक्या पट वाढेल, तितक्याच पट त्याचा प्रत्येक हिस्सा वाढतो.

आणि ओळख बघू, ही युक्ती किती जुनी? भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त ती आहे! तिथे तिचं नाव इष्टकर्म. त्यातला एक यात्रेकरू तर भारीच आहे! निम्मं धन तो प्रयागला देतो. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला. मग उरलेल्याचा पाव हिस्सा वाटेत जकातीला. आणि त्यानंतर उरलेल्याचे सहा दशांश गयेला! शेवटी हातात राहतात 63 निष्क, म्हणजे त्या काळची नाणी. निघताना किती होते?

भास्कराचार्य धरतात चक्क 1! पण त्यात अपूर्णांकांची गर्दी होते, म्हणून तू 360 धर. शेवटी उरतात 42. त्याची दीडपट 63. मग 360 ची दीडपट? 540!

पण थांब! नीताताईने निम्मे पैसे दिल्यावर प्रवासाऐवजी 500 रुपयांचं पुस्तक घेतलं असतं आणि तरी 9,000 उरले असते, तर? पुस्तकाची किंमत काही पगाराबरोबर वाढत नाही! मग उलटं चालायचं. 9,000 मध्ये 500 मिळव, झाले 9,500. हा झाला निम्मा पगार. पूर्ण किती, ते आता तूच सांग!